शाळा बघण्याचा कार्यक्रम

बरेच दिवस झाले इथे काही लिहून. नाशिकच्या ताईंनी फोनवर दोनदा टोकलं, "अगं, अमेरिकेत जाऊन अशी गप्प का बसलीस?" गप्प कसली बसतेय, शाळा बघत हिंडत होते!

नोव्हेंबरपासून मी लेकाकडे चँडलरला आहे. ॲरिझोना राज्यात फिनिक्सला लागूनच हे गाव. इंटेलचे मोठे कारखाने असल्यामुळे आपली मंडळी इथे पुष्कळ. हिवाळ्यात हवा अगदी आपल्या महाबळेश्वरसारखी, अंगणातलं संत्र्याचं झाड लगडलेलं. (उन्हाळ्याचं विचारू नका, म्हणून तर मी एप्रिलच्या आत परत येते.)

तर, नातू यंदा पाचवीत. शाळा बदलायची तर सहावीपासूनच बदललेली बरी, असं इथे म्हणतात, कारण बऱ्याच शाळांत त्या सुमाराला नवी मुलं घेतात. त्यामुळे मी आले तेव्हा घरात एकच विषय होता. सूनबाईंनी कॉम्प्युटरवर एक तक्ता केलेला. शाळांची नावं उभी, आणि आडवे रकाने: राज्याने दिलेली श्रेणी, परीक्षांचे निकाल, घरापासून अंतर, वर्गात मुलं किती, गृहपाठ किती. एखाद्या मुलीसाठी स्थळं बघावीत तसा सगळा थाट! चहाच्या वेळी ती मला म्हणाली, "आई, तुम्ही तेहतीस वर्षं शिकवलंत. तुम्ही पण चला बघायला आणि खरं काय ते सांगा."

आता या 'चार्टर' शाळा म्हणजे काय, हे मला आधी समजून घ्यावं लागलं. इतिहास शिकवणारी बाई मी, चार्टर म्हटलं की मला आठवला १८१३ चा सनदी कायदा, ज्यात कंपनी सरकारने हिंदुस्थानातल्या शिक्षणासाठी एक लाख रुपये ठेवायचे ठरलं होतं. आणि गंमत म्हणजे अर्थ तोच आहे. चार्टर म्हणजे सनद. सरकार एखाद्या संस्थेला सनद देतं की तुम्ही शाळा चालवा, पैसे आम्ही देऊ, फी घ्यायची नाही, प्रवेशाला परीक्षा किंवा मुलाखत ठेवायची नाही, जागा कमी पडल्या तर सोडत काढायची. बदल्यात अभ्यासक्रम, वेळापत्रक, शिक्षकांची निवड यांत तुम्हाला मोकळीक. पण कबूल केलेलं करून दाखवलं नाहीत तर सनद जाईल. ॲरिझोनात ही सनद पहिल्यांदा पंधरा वर्षांसाठी असते आणि दर पाच वर्षांनी तपासणी होते.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही अनुदानित शाळाच, संस्था खाजगी आणि पैसा सरकारचा. फरक इतकाच की आपल्याकडे अभ्यासक्रम सरकारचा आणि शिक्षकाच्या नोकरीला १९७७ च्या कायद्याचं संरक्षण. इथे चार्टर शाळेत शिकवायला राज्याचं शिक्षक-प्रमाणपत्रही सक्तीचं नाही. म्हणजे आपल्या बी.एड. ची अट नसल्यासारखंच! हे ऐकून मी सुरुवातीलाच नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू?

ही कल्पना उचलून धरणाऱ्यांत शिक्षक संघटनेचे पुढारी होते, हे मला नवीन होतं. अल्बर्ट शँकर हे त्यांच्या मोठ्या संघटनेचे अध्यक्ष. त्यांनी १९८८ साली सुचवलं की शिक्षकांना नवे प्रयोग करायला मोकळ्या शाळा द्या. जे जमेल ते बाकीच्या शाळांनी उचलावं. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला, ॲरिझोनाने १९९४ मध्ये. पुढे याची शाळा-शाळांतली स्पर्धा झाली, तेव्हा शँकर स्वतःच टीकाकार झाले. असो. आज ॲरिझोनात सरकारी पैशावर शिकणाऱ्या दर पाच मुलांमागे साधारण एक चार्टर शाळेत आहे. इथल्या 'बेसिस' या साखळीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९९८ मध्ये टूसॉन गावात ब्लॉक नावाच्या अर्थशास्त्रज्ञ नवराबायकोने ती सुरू केली आणि २०१८ साली एका प्रसिद्ध नियतकालिकाच्या यादीत देशातली पहिली पाचही सरकारी हायस्कुलं त्यांचीच होती. 'ग्रेट हार्ट्स' ही दुसरी साखळी, तिथे जुने अभिजात ग्रंथ आणि लॅटिन. आम्ही ज्या तीन शाळा बघितल्या त्यांची नावं मात्र मी लिहिणार नाही. तिथे ओळखीच्यांची मुलं आहेत, आणि मला जे म्हणायचंय त्याला नावांची गरजही नाही.

पहिली शाळा परीक्षावाली. देखणी इमारत, भिंतीवर कुठली मुलं कुठल्या विद्यापीठात गेली त्यांचे झेंडे. सहावीपासून भौतिक, रसायन, जीवशास्त्र वेगळे. वर्षाच्या शेवटी मोठी परीक्षा, ती सुटली नाही तर वरच्या वर्गात जाता येत नाही. सोडतीत नंबर लागला की आधी चाचणी, प्रवेशासाठी नव्हे हं, मुलगा कुठल्या इयत्तेत बसतो ते ठरवायला. रसायनाचा एक तास मी मागे उभी राहून बघितला. काय शिकवत होता तो तरुण! मला ते इंग्रजी सगळं कळलं नाही, पण वर्ग जिवंत आहे का मेलेला, हे कळायला भाषा लागत नाही. पालकांत निम्मे तरी आपलेच देशी. लेकाचे डोळे चमकत होते.

दुसरी लॅटिनवाली. गणवेश, मोबाईलला बंदी, आणि मुलं उभी राहून एका सुरात रूपं म्हणताहेत. मला एकदम आमचा संस्कृतचा तास आठवला, "रामः रामौ रामाः"! नातवाला हसू फुटलं, मला भरून आलं. बी.एड. नसलेली एक पंचविशीतली मुलगी एका जुन्या पुस्तकावर मुलांना नुसते प्रश्न विचारत होती आणि उत्तर न सांगता थांबत होती. थांबणं मला नोकरीच्या विसाव्या वर्षी जमलं. मघाशी मुरडलेलं नाक मी गुपचूप सरळ केलं.

तिसरी शाळा दुकानांच्या रांगेत, शेजारी दंतवैद्य. पटांगण म्हणजे मागचा पार्किंगचा तुकडा. चार्टर शाळांना इथे गावाकडून इमारतीसाठी कर गोळा करता येत नाही, म्हणून जागेची अशी तारांबळ. राज्याची श्रेणी मध्यम. यंदा दोन शिक्षक वर्षाच्या मध्येच सोडून गेले, असं मुख्याध्यापकांनी स्वतःच सांगितलं. पण मुलं सुतारकाम करत होती, आणि एक व्हीलचेअरवरचा मुलगा त्यात रंधा मारत होता. माझा नातू तिथून हलेना.

एक गोष्ट तिन्हीकडे सारखी होती, पिवळी बस नाही. चार्टर शाळेला मुलं ने-आण करण्याची सक्ती नाही. म्हणजे निवडीचं स्वातंत्र्य आहे, पण ज्याच्याकडे गाडी आहे आणि दुपारी अडीच-तीनला मोकळी आई किंवा बाप आहे, त्याला. आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या मेक्सिकन बाईंना मी खुणा-खाणाखुणांनी आणि सुनेच्या मदतीने विचारलं. त्यांची मुलं घराजवळच्या डिस्ट्रिक्टच्या शाळेत चालत जातात. "दुसरी कशी जमेल?" म्हणाल्या.

घरी आल्यावर तक्ता उघडला. लेक म्हणाला, "पहिली शाळा सगळ्या रकान्यांत पुढे आहे. संपलं." सूनबाई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "एक रकाना राहिलाय. पट."

"आहे की, वर्गात किती मुलं."

"तो नव्हे. सहावीत आलेली किती, आणि बारावीला उरली किती."

राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर दरवर्षीचा १ ऑक्टोबरचा इयत्तावार पट असतो. (आपल्याकडे शिक्षकसंख्या ठरवायला ३० सप्टेंबरचा पट धरतात, इथे १ ऑक्टोबरचा. शाळाखात्याचं डोकं जगभर सारखंच!) सुनेने मला ते तक्ते काढून दिले आणि मी वही घेऊन बसले. एकाच वर्षाचे आकडे बघून चालत नाही. शाळा नवी असेल तर वरचे वर्ग लहानच असतात. एक तुकडी धरायची आणि ती वर्षावर्षाला कुठे गेली ते बघत जायचं. दोन दुपारी गेल्या.

परीक्षावाल्या शाळेत सहावीला जी तुकडी होती, ती बारावीला निम्म्यावर आली होती. लॅटिनवाल्या शाळेतही गळती होती, पण मुख्यतः आठवीनंतर, मोठ्या हायस्कुलात खेळ आणि बँड असतो म्हणून जाणारी मुलं. दुकानांच्या रांगेतल्या शाळेत मुलं येत-जात होती, पण जेवढी जात तेवढी नवी येत.

आता, ज्या मुलांना झेपलं नाही ती गेली, यात शाळेने काही लबाडी केली असं मी म्हणत नाही. कुणी कुणाला काढलं नाही. अभ्यास तोच ठेवला आणि दार उघडं ठेवलं. पण जे उरले त्यांच्याच गुणांची सरासरी काढायची आणि ती शाळेची म्हणायची, हे गणित मला फार ओळखीचं आहे. म्हणूनच ही पोस्ट लिहायला इतके दिवस लागले.

१९९५-९६. सातारा जिल्ह्यातली आमची तालुक्याची शाळा, मी नववीची वर्गशिक्षिका. वर्गात बावन्न मुलं. परीक्षा झाल्यावर आम्हा वर्गशिक्षकांची बैठक झाली आणि वरून सूचना आली की पुढच्या वर्षी दहावीचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे. शेजारच्या शाळेचा लागला होता, पालक तिकडे वळत होते, पट घटला तर तुकडी जाणार, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरणार. सगळं खरं होतं. उपाय ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे, सतरा नंबरचा फॉर्म. कच्च्या मुलाचा दाखला काढायला लावायचा आणि त्याला बाहेरून, खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसवायचं. नापास झाला तरी तो आपल्या निकालात धरला जात नाही.

माझ्या वर्गातली सहा नावं निघाली. एक मुलगा मार्केट यार्डातल्या हमालाचा. गणित-इंग्रजीत शून्य, पण नकाशा असा काढायचा की बघत राहावं. त्याच्या आईला मी बोलावलं. ती दाराशीच उभी राहिली, खुर्चीवर बसली नाही. मी तिला समजावलं, बाहेरून बसला तर अभ्यासाला वेळ मिळेल, त्याच्याच भल्याचं आहे. गोड बोलण्यात मी कमी नव्हते. ती म्हणाली, "बाई, तुमी म्हणताय म्हंजी बरोबरच आसंल." आणि अंगठा उठवून गेली.

पुढच्या जूनमध्ये शेहेचाळीस मुलं बसली, शेहेचाळीस पास. फाटकावर फलक लागला. मला शाल आणि श्रीफळ मिळालं. तो मुलगा परीक्षेला बसलाच नाही. ते मला दिवाळीत कळलं, एस.टी. स्टँडवर तो पोती उचलताना दिसला तेव्हा. त्याने मला बघून पोतं खाली ठेवलं आणि हात जोडले. मी काय बोलले ते आठवत नाही. काहीतरी बोलून बसमध्ये चढले.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री जेवणं झाल्यावर लेकाला आणि सुनेला सांगितलं. लेक बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, तो माझ्या बाकावर बसायचा. तूच बसवला होतास, मी त्याला शिकवावं म्हणून. जूनमध्ये बाक रिकामा होता. मला कळलं होतं गं."

तीस वर्षं त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझ्याच वर्गातला मुलगा होता ना तो, माझा मुलगासुद्धा!

थोड्या वेळाने तो म्हणाला, "पण आई, आपल्याला जमेल की. ज्यांना जमतं त्यांचं सोनं होतं तिथे." हेही खोटं नाही. समोरच्या तेलुगू कुटुंबातली मुलगी त्या शाळेत जाते. आधीच्या शाळेत कंटाळून नखं खायची, आता संध्याकाळी मला रसायनातल्या गोष्टी सांगते. तिला तिथून काढलं तर तिच्यावर अन्याय होईल. सगळ्या मुलांना एकाच वेगाने हाकणारी शाळाही काही न्यायाची नव्हे, हे मी तेहतीस वर्षं पाहिलंय.

आणि चार्टर शाळा चांगल्या की वाईट, असं सरसकट कुणी विचारलं तर उत्तर नाहीच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'क्रेडो' या केंद्राने २००९ मध्ये पाहणी केली, तेव्हा गणितात १७ टक्के चार्टर शाळा जवळच्या सरकारी शाळांपेक्षा सरस निघाल्या आणि ३७ टक्के कमी. त्यांच्याच २०२३ च्या पाहणीत चार्टरची मुलं सरासरीने वाचनात १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या अभ्यासाइतकी पुढे होती. बॉस्टनमध्ये संशोधकांनी सोडतीत नंबर लागलेली मुलं आणि न लागलेली मुलं यांची तुलना केली, दोन्हीकडचे आईबाप सारखेच धडपडे म्हणून. तिथे चार्टरचा फायदा चांगलाच मोठा दिसला. यात नंबर लागलेलं मूल पुढे शाळा सोडून गेलं तरी त्याला हिशोबातून वगळत नाहीत. वाचताना मला वाटलं, हा हिशोब आमच्या फलकाला लावला असता तर? बावन्नातले शेहेचाळीस. म्हणजे ८८ टक्के. वाईट नव्हता तोही. कशाला लपवला आम्ही?

आपल्याकडेही आता सोडत आहेच. शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के जागांची. २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना त्यातून सूट दिली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. सोडतीत नंबर लागला की पेपरात फोटो येतो. पण त्यातली किती मुलं आठवीपर्यंत त्याच बाकावर टिकली, हा रकाना आपल्या तक्त्यात तरी कुठे असतो?

असो. पुढची हकीकत थोडक्यात सांगते. लॅटिनवाल्या शाळेत नातवाचा नंबर पहिल्याच फेरीत लागला. परीक्षावालीत तो प्रतीक्षायादीत होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिथून निरोप आला, जागा झाली आहे, दोन दिवसांत कळवा. घरात पुन्हा कुरुक्षेत्र! शेवटी सूनबाई म्हणाली, "ज्याला जायचंय त्याला विचारा की." नातवाने आधी सुतारकामाच्या शाळेचं नाव घेतलं. ती लांब पडते, दोघांच्या नोकऱ्यांत ने-आण जमण्यासारखी नव्हती. मग त्याने त्या मोठ्या शाळेबद्दल एकच प्रश्न विचारला, "आजी, तिथे मला नाही जमलं तर मला जावं लागेल का?"

त्याचा बाप माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "जा म्हणून कुणी सांगणार नाही. पण बरीच मुलं जातात."

"आणि मग त्यांच्या मित्रांचं काय होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. लेकाकडे होतं, पण तो बोलला नाही. उठला आणि कॉम्प्युटरपाशी जाऊन त्या शाळेला नकार कळवून आला.

आम्ही लॅटिनवाली घेतली. बरोबर केलं का चूक, ते सात वर्षांनी कळेल. तेव्हा मी असेन नसेन. कदाचित त्याला तिथे जमलं असतं आणि माझ्या एका जुन्या ओझ्यापायी त्याची संधी गेली, असंही असेल. रात्री झोप लागत नाही तेव्हा हेही मनात येतं. पण सुनेच्या तक्त्यात आता एक रकाना जास्त आहे. तिच्या दोन मैत्रिणींनी तो तक्ता मागून नेला आणि परवा एकीचा फोन आला, "काकू, हे आकडे कसे काढायचे ते शिकवा ना." उद्या येणार आहे ती, वही घेऊन यायला सांगितलंय.

सातारला परतल्यावर मार्केट यार्डात एकदा जाऊन यायचंय. तो तिथे असेलच असं नाही. पण गेल्याशिवाय कळणार कसं?

आणि आम्ही सोडलेली ती जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला गेली असणार. कोण असेल कोण जाणे. त्या लेकराला तिथे जमू दे.